शितावरून भाताची परीक्षा? दहावीचे टक्के आणि मुलांची बुद्धी



मे महिना आला की दोहामधल्या मराठी घरांत दोनच विषय उरतात: सुट्टीत घरी जायच्या विमान तिकिटांचे चढे भाव आणि दहावी-बारावीचा निकाल. निकाल लागल्यावर तासाभरात पुण्याहून आजीचा, नागपूरहून काकांचा आणि रत्नागिरीहून मावशीचा फोन येऊन जातो. प्रश्न एकच, "किती टक्के पडले?" आकडा नव्वदच्या वर असेल तर मूल "हुशार" ठरते. साठ-सत्तरच्या घरात असेल तर "बरा आहे हो, पण अभ्यासात लक्ष नाही". त्याहून खाली असेल तर मोठी माणसे विषय बदलतात. सोळा वर्षांच्या मुलाला मात्र विषय बदलता येत नाही. आपल्याला बुद्धी किती आहे याचा हा अधिकृत कागद आहे, असे समजून तो आकडा ते मनात ठेवून देते.

म्हणून या वेळी जरा शांतपणे पाहू या. शाळेतले गुण खरोखर बुद्धी दाखवतात का? दाखवत असतील तर किती? आणि आपण ज्या देशात राहतो आहोत, त्या कतारच्या अनुभवातून याबद्दल काही शिकण्यासारखे आहे का?

शंभर टक्क्यांचे गणित

आधी महाराष्ट्राकडे पाहू. २०२५ सालच्या दहावीच्या निकालात राज्य मंडळाच्या २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले. आपल्या पिढीला हे ऐकून चक्कर येईल. आपल्या वेळी ८५ टक्क्यांना पेढे वाटले जात, आणि मराठीच्या पेपरात शंभरपैकी शंभर ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येत नसे. मग मुले एवढी हुशार झाली का?

थोडा इतिहास आठवला की उलगडा होतो. अकरावी प्रवेशात राज्य मंडळाची मुले सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांच्या मागे पडतात, अशी ओरड झाल्यावर सरकारने एकापाठोपाठ एक उपाय केले. पर्सेंटाइलचे सूत्र आले, ते न्यायालयात टिकले नाही. ९०:१० चा कोटा आला, तोही टिकला नाही. मग २०१० मध्ये "बेस्ट ऑफ फाइव्ह" आले, म्हणजे सहा विषयांपैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांची टक्केवारी धरायची. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण सर्वोच्च न्यायालयात ते टिकले. त्यात शाळेने द्यायचे अंतर्गत गुण आहेत, शिवाय चित्रकलेची परीक्षा, शास्त्रीय संगीत, लोककला, खेळ यांचे वाढीव गुणही मिळतात. या सगळ्याची बेरीज शंभरापर्यंत जाऊ शकते. ही मुले कष्टाळू आहेत यात शंकाच नाही. पण १९८५ सालचे ८५ आणि २०२५ सालचे ९५ ही एकाच मापाने मोजलेली लांबी नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे.

याच निकालात आणखी एक गंमत दडली होती. त्या २११ पैकी ११३ मुले एकट्या लातूर विभागातली होती. आणि उत्तीर्ण होणाऱ्यांच्या टक्केवारीत हाच लातूर विभाग राज्याच्या ९४.१० टक्के या सरासरीच्या खाली होता! म्हणजे एकाच विभागात सर्वाधिक शंभर नंबरी मुले, आणि नापासांचे प्रमाणही राज्यापेक्षा जास्त. लातूर, नांदेड, धाराशिवच्या पाण्यात अशी काही जादू नाही, जी निम्म्यांना शहाणे करते आणि बाकीच्यांना ढ. तिथे वर्षानुवर्षे घडवलेली सरावाची, चाचण्यांची आणि शिकवण्यांची एक पद्धत आहे. ज्यांच्यापर्यंत ती पोचते, त्यांचे गुण वाढतात.

आणि २०२१ तर कोण विसरेल? करोनामुळे परीक्षा झालीच नाही, नववी आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. आदल्या वर्षी हेच प्रमाण ९५.३० होते. एका वर्षात मुलांच्या मेंदूत बदल झाला नव्हता, मोजण्याची रीत बदलली होती.

मग गुणांना काही अर्थच नाही?

इथे दुसऱ्या टोकाला जायचा मोह होतो. "आइनस्टाइन गणितात नापास झाला होता" हा निरोप दर निकालाला फोनवर फिरतो. तो खोटा आहे. आइनस्टाइन शाळेत गणितात उत्तम होता. १६ व्या वर्षी झुरिकच्या तंत्रसंस्थेची प्रवेश परीक्षा तो उत्तीर्ण झाला नाही हे खरे, पण तिथेही त्याचे गणित आणि भौतिकशास्त्र चांगलेच होते, अडले ते इतर विषयांत. आपल्याकडचे दाखलेही पाहा. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याला सोडून गेलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत चमकलेले रँग्लर होते. डॉ. रघुनाथ माशेलकर घरची परिस्थिती बेताची असताना, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत आले. तेव्हा "गुण मिळवणारे फक्त घोकंपट्टी करतात" हे म्हणणेही नाचता येईना अंगण वाकडे या जातीचे आहे.

शास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिले आहे. इंग्लंडमध्ये ७० हजारांहून अधिक मुलांची वयाच्या ११ व्या वर्षी बुद्धिचाचणी घेतली गेली आणि ती १६ व्या वर्षीच्या शालान्त परीक्षेशी ताडून पाहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्हींचा संबंध बराच घट्ट निघाला. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले २४० नमुने, म्हणजे एक लाखाहून अधिक विद्यार्थी, एकत्र करून पाहिले, तेव्हा हा संबंध मध्यम निघाला. साध्या भाषेत सांगायचे तर मुलामुलांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला तीन दशांशाच्या आसपास भाग बुद्धिचाचणीतल्या फरकाशी जुळतो. बाकीचा मोठा हिस्सा इतर गोष्टींचा: शिक्षक कसा आहे, घरात अभ्यासाला जागा आहे का, तब्येत, भाषा, सवय, परीक्षेची भीती आणि नशीबसुद्धा.

या "इतर" गोष्टींत एक फार मोलाची आहे. अमेरिकेत अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिग्मन यांनी २००५ मध्ये आठवीच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की वर्षअखेरच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यंकापेक्षा मुलाच्या स्वयंशिस्तीवरून जास्त चांगला बांधता येतो. दूरदर्शन बंद करून वेळेवर पुस्तक उघडणारे मूल पुढे जाते. हा गुण आयुष्यात उपयोगी आहेच. पण त्याला शिस्त म्हणावे, बुद्धी म्हणू नये. आणि ज्याला ती शिस्त अजून लागलेली नाही, त्याला निर्बुद्ध तर अजिबात म्हणू नये.

ज्याने चाचणी काढली, त्याचेच म्हणणे

"शाळेचे गुण सोडा, सरळ बुद्धिचाचणीच करून घेऊ" असे काही पालक म्हणतात. या चाचण्यांचा जन्म कशासाठी झाला, ते माहीत असलेले बरे. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. हेतू एवढाच, की शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल ते कळावे. मुलाची बुद्धी हा जन्मभर न बदलणारा आकडा आहे, असे मानणाऱ्यांना बिने यांचा स्पष्ट विरोध होता. योग्य सराव आणि शिकवण मिळाली तर ती वाढते, असे त्यांचे मत होते. पुढे याच चाचणीचा वापर लोकांना कप्प्यांत टाकण्यासाठी झाला, ती गोष्ट वेगळी.

आपल्या भाषेशीही या चाचणीचे नाते आहे. १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने यांच्या चाचणीची आवृत्ती केली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही भारतात ओळखली जाते. त्यांना हे करावे का लागले? कारण परक्या भाषेत, परक्या अनुभवांवर बेतलेले प्रश्न विचारले तर मुलाची बुद्धी मोजली जात नाही, त्याचे परकेपण मोजले जाते. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने शालेय गुणांवर न थांबता मानसशास्त्रीय चाचण्यांतून मुले निवडली. पण निवड करून ते थांबले नाहीत. नेतृत्व, प्रकल्प, समाजात मिसळणे या सगळ्याची जोड दिली. चाचणीतला आकडा त्यांच्या लेखी सुरुवात होती.

आणि बहिणाबाई चौधरी? खानदेशातल्या या बाईंनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि भाच्याने उतरवून घेतल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. कोणत्याही गुणपत्रिकेत बहिणाबाईंच्या नावापुढे रकाना रिकामाच राहिला असता.

कतारचाच दाखला

आता आपल्या दारातले उदाहरण. जगभरातल्या १५ वर्षांच्या मुलांचे गणित, वाचन आणि विज्ञान तपासणारी "पिसा" नावाची चाचणी आहे. कतारने २००६ मध्ये त्यात पहिल्यांदा भाग घेतला. गणितात सरासरी आली ३१८. विकसित देशांची सरासरी तेव्हा ५०० च्या जवळ होती. ५७ देशांत कतारच्या खाली फक्त किर्गिझस्तान होता. त्या वेळी "इथल्या मुलांना डोकेच कमी" असे म्हणणारे कमी नव्हते. आपल्यातलेही काही असतील.

पुढे काय झाले ते पाहा. गणितातली सरासरी २००९ मध्ये ३६८, २०१२ मध्ये ३७६, २०१५ मध्ये ४०२ आणि २०१८ मध्ये ४१४ झाली. २०२२ मध्ये, करोनानंतर जगभर गुण घसरले असताना, ती ४१४ वरच टिकून राहिली. दीड दशकात जवळजवळ शंभर गुणांची वाढ! अजूनही विकसित देशांच्या मागे, पण चढण कोणालाही दिसावी अशी.

हे कसे झाले? २००२ मध्ये इथे सर्वोच्च शिक्षण परिषद स्थापन झाली. २००४ पासून नव्या पद्धतीच्या शाळा सुरू झाल्या, अभ्यासक्रम बदलला. काही निर्णय चुकलेही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचा प्रयोग २०१२ मध्ये मागे घेऊन पुन्हा अरबी माध्यम आणावे लागले. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या काळात परीक्षेला बसणाऱ्यांत आपल्यासारख्या स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचे प्रमाण वाढत गेले, आता ते निम्म्याहून अधिक आहे, आणि ही मुले सरासरीने स्थानिक मुलांपेक्षा जास्त गुण मिळवतात. त्यामुळे वाढीतला काही वाटा त्याचाही आहे. पण दोन्ही कारणांतून निष्कर्ष एकच निघतो. दीड दशकात कोणत्याही देशाच्या लोकांची जन्मजात बुद्धी बदलत नाही. शाळा बदलते, भाषा बदलते, आणि वर्गात कोण बसले आहे ते बदलते.

"म्हणजे आपली मुले हुशार!" अशी पाठ थोपटून घ्यायची घाई करू नये. युरोपातल्या बऱ्याच देशांत याच चाचणीत स्थलांतरितांची मुले स्थानिकांच्या मागे असतात. मग स्थलांतरित मूल युरोपात मंद आणि दोहात कुशाग्र, असे का व्हावे? उत्तर आपल्या रहिवासी परवान्यात आहे. कतारमध्ये कुटुंब आणायचे तर पगाराची आणि पदाची अट पूर्ण करावी लागते. म्हणून इथल्या भारतीय शाळेत आपल्या मुलाच्या शेजारी बसतात ती बहुतेक अभियंते, हिशेबनीस, परिचारिका, डॉक्टर, बँकेतले अधिकारी यांची मुले. ज्याने आपल्या मेट्रोचे खांब उभारले किंवा जो रोज आपल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करतो, त्याची मुले नेपाळच्या, बिहारच्या किंवा आपल्याच कोकणातल्या गावात शिकत आहेत. ती या सरासरीत कुठेच मोजली जात नाहीत. त्यांना इथे आणून याच बाकांवर बसवले असते तर निकाल काय लागला असता, हे कोणी सांगू शकत नाही.

भारताचा स्वतःचा अनुभवही तिखट आहे. हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्ये पिसाच्या २००९ च्या फेरीत सामील झाली आणि शेवटून दुसरी-तिसरी आली. त्यानंतरच्या फेऱ्यांपासून भारत दूर राहिला. त्याच तमिळनाडूतले अभियंते आज दोहात, ह्यूस्टनमध्ये आणि सिंगापूरमध्ये मोठमोठे प्रकल्प चालवत आहेत. डोके होते, शाळा कमी पडल्या.

शिक्षणाचा बुद्धीवर होणारा परिणाम २०१८ मधल्या एका मोठ्या अभ्यासाने आकड्यांत मांडला. सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी दाखवले, की शाळेतल्या प्रत्येक जास्तीच्या वर्षाने बुद्ध्यंक साधारण एक ते पाच अंकांनी वाढतो. शाळा बुद्धी मोजते, यापेक्षा शाळा बुद्धी घडवते, हे जास्त खरे आहे.

आखातातल्या पालकांची खरी अडचण

हे सगळे पटले तरी आपल्यापुढे एक व्यवहार उरतो. इथे बहुतेकांना कायमचे राहता येत नाही. बारावीनंतर बहुतेक मुले भारतात किंवा आणखी दूर जातात, आणि तिथे दार उघडते ते गुणांनीच. म्हणून "गुणांना महत्त्व नाही" असे मुलांना सांगणे ही फसवणूक ठरेल. गुण हे प्रवेशाचे तिकीट आहे. तिकीट काढावेच लागते. पण तिकिटावरून प्रवाशाची किंमत ठरवायची नसते.

शिवाय हे तिकीटही वरचेवर बदलते. आखातातल्या भारतीयांच्या मुलांना एनआयटीसारख्या संस्थांत "दासा" योजनेतून प्रवेश मिळतो. पूर्वी त्यासाठी अमेरिकेची सॅट ही विषयवार परीक्षा चालत असे, २०२१ पासून जेईई मेनचा क्रमांक धरला जाऊ लागला. दोन परीक्षांची तऱ्हा वेगळी, त्यामुळे एकीत चमकणारे मूल दुसरीत मागे राहू शकते. सीबीएसईने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मंडळ श्रेणी, विशेष प्रावीण्य किंवा एकूण टक्केवारी देणार नाही. गुणवत्ता यादीही बंद आहे. २०२५ च्या जूनमध्ये मंडळाने जाहीर केले, की २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायची, आणि दुसऱ्या वेळी तीन विषयांपर्यंत गुण सुधारता यावेत. ज्या मंडळाची परीक्षा आहे, तेच मंडळ "एका दिवसाचा आकडा अंतिम धरू नका" असे सांगू लागले आहे. टक्केवारी काढायचे काम मात्र आपण घरी कॅल्क्युलेटर घेऊन करतोच!

तेव्हा निकालानंतर घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, टक्क्यांऐवजी विषयवार गुणपत्रिका मुलासोबत बसून वाचा. गणितात ५५ आणि विज्ञानात ८० असतील तर अडचण ठरावीक जागी आहे, ती शोधता येते. "तुला जमत नाही" या वाक्यातून काहीच शोधता येत नाही.

दुसरी गोष्ट, बोलताना तरतरीत पण लिहिताना सतत अडखळणारे मूल असेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या. "तारे जमीं पर" येऊन (२००७) इतकी वर्षे झाली, तरी वाचन-लेखनाच्या अडचणी लपवणारी घरे कमी नाहीत. "लोक काय म्हणतील" ही भीती इथे, चार ओळखीच्या घरांत, भारतापेक्षाही जास्त असते. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसई अशा मुलांना परीक्षेत तासामागे २० मिनिटे जास्त देते. तेच मूल, तोच अभ्यास, फक्त वेळ पुरेसा मिळाला, की गुण वाढतात. आधीचे कमी गुण मग कशाचे माप होते?

तिसरी गोष्ट, अकरावीची शाखा फक्त टक्क्यांवरून ठरवू नका. ९२ टक्के पडले म्हणून विज्ञान आणि ६८ पडले म्हणून वाणिज्य, ही वाटणी शाळेच्या सोयीची आहे. राज्य मंडळानेसुद्धा २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, ती मूल कुठे रमते हे गुणांवरून कळत नाही म्हणूनच.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. परदेशातल्या मराठी मंडळांत दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होतो. तो जरूर व्हावा, कष्टांचे कौतुक झालेच पाहिजे. पण व्यासपीठावर नावापुढे टक्के वाचायची काय गरज आहे? परीक्षा दिलेल्या सगळ्या मुलांना बोलवा. प्रत्येकाने वर्षभरात केलेली एक चांगली गोष्ट सांगा. गणेशोत्सवात ध्वनियंत्रणा सांभाळणारा, तीन वर्षे लहान मुलांना मराठी शिकवणारी, आईच्या आजारपणात घर सांभाळून परीक्षा देणारी, अशी मुले आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जे आहे, त्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. तो आपण द्यायचा.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती बरोबर ठरते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. आपली मुले मात्र वेगवेगळ्या आचेवर शिजतात. कोणी दुसरीत मुंबईहून आले, कोणी सातवीत मस्कतहून. कोणाला घरी शिकवणारे आहेत, कोणाचे आई-बाबा दोन पाळ्यांत काम करतात. काहींना अजून थोडी वाफ लागणार आहे, एवढेच. तेवढ्यासाठी पातेले चुलीवरून उतरवू नका.

यंदाच्या गुणगौरवाची यादी करताना टक्क्यांचा रकाना काढून टाकायची सूचना मंडळाच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी जरूर मांडा. आणि निकाल लागलेल्या सर्व मुलांना, आकडा कोणताही असो, मनापासून शुभेच्छा!